शब्दांचे गोत्र आणि शब्दांचा गोतावळा

मराठीच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत 'शब्दसिद्धी' या नावाने जे प्रकरण शिकवले जाते, ते वस्तुतः शब्दांच्या जातपडताळणीचे प्रकरण आहे. तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषी असे चार रकाने आखावयाचे, प्रत्येकात ठरलेली दहावीस उदाहरणे भरावयाची, परभाषी रकान्याचे पुन्हा फारसी, अरबी, पोर्तुगीज, कानडी, इंग्रजी असे पोटविभाग पाडावयाचे, आणि शेवटी उपसर्गघटित, प्रत्ययघटित, सामासिक व अभ्यस्त अशी साधित शब्दांची यादी जोडून प्रकरण मिटवावयाचे, ही आपली रीत. शब्द कोठून आला याचे उत्तर मिळाले की तो कसा घडला याचेही उत्तर मिळाले, अशी समजूत या रीतीच्या मुळाशी आहे. ही समजूत व्याकरणाच्या वर्गापुरतीच राहिली असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. परंतु तिने मराठी समीक्षेतही घर केले आहे. शुद्धिवादी, परिभाषाकार आणि देशीवादाचे पुरस्कर्ते हे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तीन पक्ष. या एका बाबतीत मात्र तिघांचेही एकमत आहे. शब्दाची योग्यता त्याच्या कुळावर ठरते, असे तिघेही मानतात. भांडण आहे ते कोणते कूळ उच्च, एवढ्यापुरतेच.

या समजुतीचा फोलपणा दाखवण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे–बंगळूर महामार्गालगत, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या हद्दीत एक औद्योगिक क्षेत्र वसलेले आहे. शासकीय कागदपत्रांत त्याचे नाव 'कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र' असे येते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत, दुकानांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी ते 'कागल पंचतारांकित एमआयडीसी' असते. घाईत नुसते 'फाइव्हस्टार'. ग्रामनामाची व्युत्पत्ती तूर्त बाजूला ठेवू आणि उरलेले दोन शब्द आपल्या चार रकान्यांत बसवून पाहू.

'पंचतारांकित' तत्सम रकान्यात जाईल. पंच, तारा आणि अंकित ही तिन्ही पदे संस्कृत, संधी निर्दोष, विग्रह पाच तारांनी अंकित असा, म्हणजे द्विगुगर्भ तृतीया तत्पुरुष. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. 'एमआयडीसी' परभाषी रकान्यात जाईल, त्यातही इंग्रजीच्या पोटविभागात, आणि बहुतेक प्राध्यापक तेथे 'आद्याक्षरशब्द' अशी नोंद करून पुढे जातील. आता अर्थाकडे पाहू. 'पंचतारांकित' या शब्दाचा अर्थ संस्कृताने दिलेला नाही. हॉटेलांची प्रतवारी ताऱ्यांनी दाखवण्याचा पाश्चात्त्य प्रघात, त्याला इंग्रजीत पडलेले नाव, त्या नावाचे पदशः भाषांतर, आणि मग हॉटेलावरून उचलून ते विशेषण औद्योगिक क्षेत्राला लावणे, असा त्या अर्थाचा प्रवास आहे. शरीर संस्कृताचे, प्राण इंग्रजीचे. उलट 'एमआयडीसी' या शब्दाचे शरीर इंग्रजी आद्याक्षरांचे. पण 'तो एमआयडीसीत कामाला आहे', 'एमआयडीसीच्या अलीकडे एक ओढा लागतो', 'आमच्या गावाला एमआयडीसी आली' या वाक्यांतला त्याचा अर्थ महाराष्ट्रातल्या बोलण्याने घडवलेला आहे. १९६१च्या कायद्यान्वये १९६२ साली स्थापन झालेल्या एका महामंडळाचे हे नाव. ते त्या महामंडळाने आखलेल्या जागेचे नाव झाले, पुढे अशा कोणत्याही जागेचे सामान्यनाम झाले, आणि अखेर एका जीवनपद्धतीचे नाव झाले. तेव्हा अर्थघटनेच्या दृष्टीने पाहता 'पंचतारांकित' हा उसना शब्द ठरतो आणि 'एमआयडीसी' हा येथेच घडलेला. चार रकान्यांची पद्धती नेमकी उलटी नोंद करते.

'तारांकित' हे पद मराठीत हॉटेलांमुळेच आले असेही नाही. विधिमंडळाच्या कामकाजात 'तारांकित प्रश्न' असतो. तोंडी उत्तराची अपेक्षा असलेल्या प्रश्नापुढे तारकेची खूण करतात म्हणून तो तारांकित. तेथे तारा म्हणजे छापखान्यातली खूण, हॉटेलाच्या बाबतीत तारा म्हणजे प्रतवारी, आणि कागलच्या बाबतीत तारा म्हणजे रस्ते, पाणी, वीज अशा सुविधांचे शासनाने दिलेले आश्वासन. एकच सामासिक शब्द तीन व्यवहारांत तीन अर्थांनी राबतो. समासाचा विग्रह तिन्ही ठिकाणी तोच असल्याने विग्रहाने यांतले काहीही कळत नाही. 'पंच' या पूर्वपदाचेही असेच. पंचगंगा, पंचक्रोशी, पंचामृत यांच्या पंक्तीत 'पंचनामा' बसलेला आहे. त्यातला 'नामा' फारसी आणि 'पंच' म्हणजे पाच ही संख्या नव्हे, साक्षीला बोलावलेले गृहस्थ. या संकराविरुद्ध भाषाशुद्धीच्या ऐन भराच्या काळातही फारशी तक्रार झाली नाही, कारण तोपर्यंत पंचनाम्याशिवाय पोलिसांचे आणि महसूल खात्याचे पान हलत नव्हते.

मात्र माझा मुख्य मुद्दा अर्थाचा नाही, रूपाचा आहे. शब्द मराठी झाला की नाही हे ठरवण्याची कसोटी मराठीच्या व्याकरणव्यवस्थेतच आहे, आणि ती आपण वापरत नाही, ही माझी तक्रार आहे. 'एमआयडीसी' मराठीत स्त्रीलिंगी आहे: ती एमआयडीसी, शिरोलीची एमआयडीसी, नवी एमआयडीसी. महामंडळ नपुंसकलिंगी, क्षेत्रही नपुंसकलिंगी. तरी हा शब्द स्त्रीलिंगी झाला, तो शेवटच्या ईकारामुळे. हे लिंग ठरवायला कोणतीही समिती बसली नव्हती. आता अनेकवचन पाहावे. कंपनी–कंपन्या, फॅक्टरी–फॅक्टऱ्या, ट्रॉली–ट्रॉल्या, बॅटरी–बॅटऱ्या ही रूपे सर्वपरिचित आहेत. पण जिल्ह्यात तीन 'एमआयडीश्या' आहेत असे कोणी म्हणत नाही. तीन 'एमआयडीसी' आहेत, आणि त्या तीन 'एमआयडीसींमध्ये' कामगार आहेत. म्हणजे हा शब्द 'कंपनी'सारखा चालत नाही. तो 'युवती' आणि 'गृहिणी' यांच्यासारखा चालतो: युवती–युवती–युवतींना. इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेल्या शब्दाला मराठी भाषकाने तत्सम शब्दांच्या गणात बसवले आहे. आणि 'नदी'चे काय? नदी हा कुळाने शुद्ध तत्सम. पण तिचे अनेकवचन 'नद्या', म्हणजे 'गाडी–गाड्या' या घरगुती गणातले. 'कंपनी' त्याच गणात. मराठीच्या रूपव्यवस्थेत 'नदी' आणि 'कंपनी' या सख्ख्या बहिणी आहेत, आणि 'युवती' व 'एमआयडीसी' या दुसऱ्या घरातल्या. भाषकाच्या मनातले व्याकरण गोत्र विचारीत नाही. शब्द किती अंगवळणी पडला आहे आणि किती परका, औपचारिक, नावासारखा वाटतो, एवढेच ते पाहते.

हे अंगवळणी पडणे कालांतराने घडते, याचा पुरावाही हाताशी आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली. 'एसटी' हाही आद्याक्षरशब्दच, हाही ईकारान्त, हाही स्त्रीलिंगी. आज गावोगाव 'एसट्या बंद आहेत', 'एसट्या भरून येतात' असे सहज बोलले जाते. 'एसटी'ने 'युवती'चे घर सोडून 'नदी'च्या घरात बिऱ्हाड केले. 'एमआयडीसी'ने अद्याप तसे केलेले नाही. दोन्ही शब्दांचे कूळ एक, रचना एक, आणि तरी वर्तन वेगळे. ज्या सिद्धान्ताला या भेदाविषयी काहीच बोलता येत नाही, तो शब्दसिद्धीचा सिद्धान्त कसा म्हणावा?

दुसरी कसोटी सामान्यरूपाची. बँकेत, टेबलावर, इंजिनाला, पंपावर, मोटारीत ही रूपे पाहावीत. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या अंत्य अक्षरात जो बदल होतो तो या इंग्रजी शब्दांनी बिनतक्रार स्वीकारलेला आहे. कोल्हापूर परिसरात शेतातल्या विहिरीवर तेलाचे इंजिन बसले आणि ते इंजिन बनवणारा व दुरुस्त करणारा कारागीर उद्यमनगरात बसला, त्या काळात हे शब्द माणसांच्या घरात शिरले. 'इंजिनाला तेल घाल' हे वाक्य मराठी आहे, त्यात उसने काही नाही. पण लेथवर, मॉलमध्ये, शिफ्टला या रूपांत शब्द जसाच्या तसा राहतो आणि प्रत्यय बाहेरून चिकटवला जातो. पहिल्या गटातले शब्द घरातले, दुसऱ्यातले उंबऱ्यावरचे. येथवर काळजीचे काही नाही. उंबऱ्यावरचे आत येतीलच. काळजीची गोष्ट ही की, 'टेबलावर'च्या जागी 'टेबलवर' ऐकू येऊ लागले आहे. जो शब्द घरात आलेला होता तो पुन्हा उंबऱ्याकडे सरकतो आहे. मराठीवर इंग्रजीचे आक्रमण वगैरे जे म्हटले जाते ते खरोखर घडत असेल तर येथे घडते आहे, शब्दसंख्येत नव्हे. आणि आपले शुद्धिवादी याविषयी गप्प आहेत, कारण त्यांचे लक्ष 'टेबल' या नामावर खिळलेले. ते मेज म्हणावे की आणखी काही, या वादात सामान्यरूप हातचे निसटते आहे हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

क्रियापदांच्या बाबतीत स्थिती याहून बिकट आहे. मराठीत नामापासून धातू साधण्याची शक्ती मोठी होती: पाणावणे, दुणावणे, हाताळणे, लाथाडणे. अरबी-फारसीच्या संपर्ककाळात या शक्तीने परके शब्दही पचवले. बदलणे, खर्चणे, फर्मावणे, आजमावणे हे धातू त्यातून मिळाले. इंग्रजीशी दोनशे वर्षे संसार केल्यावर आपल्या हाती असे किती धातू लागले? अगदी अलीकडे 'गुगलणे'सारखा एखादा शब्द विनोदाच्या आश्रयाने डोके वर काढतो, एवढेच. बाकी सर्व भार 'करणे', 'मारणे', 'लावणे', 'टाकणे' या सहायकांवर. कारखान्यात जॉब लावतात, वेल्डिंग मारतात, ड्रिल मारतात, सुट्टी टाकतात. (या 'जॉब'चा अर्थ नोकरी नव्हे. यंत्रावर चढवलेला घडवावयाचा तुकडा तो जॉब. सुशिक्षित मराठीत 'जॉब' ही नोकरी आहे आणि कामगाराच्या मराठीत ती वस्तू आहे, हा भेद नोंदवण्यासारखा आहे.) या सहायकांतही विवेक आहे. प्रशिक्षणसंस्थेच्या पुस्तकात वेल्डिंग 'करतात'. हाताने, घावासारखे, एका दमात करावयाचे काम 'मारतात'. म्हणजे शक्ती संपलेली नाही, तिने वाट बदलली आहे. पण ही नवी वाट पुरेशी आहे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर आधी 'वेल्डिंग मारणे' हा प्रयोग अशुद्ध म्हणून टाकून देण्याची सवय मोडावी लागेल. गंमत अशी की ज्यांना हा प्रयोग खटकतो ते स्वतः 'संपादन करणे', 'प्रदूषित करणे', 'कार्यान्वित करणे' असेच लिहितात. तेथेही धातू साधलेला नाही. तेथेही 'करणे' हेच ओझे वाहते. पण नाम संस्कृत असल्यामुळे ती क्रिया शुद्ध!

शुद्धिवादाचा इतिहास आपल्याकडे आदराने सांगितला जातो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने तयार झालेल्या राजव्यवहारकोशापासून ही परंपरा सुरू होते. त्या आदराला बाध न आणता एवढे विचारता येईल की त्या प्रयत्नाचे फलित काय. मुख्य प्रधानाचे पद पुढे शतकभर मराठी सत्तेचे केंद्र बनले, आणि ते जगाला माहीत आहे ते 'पेशवा' याच नावाने. कागलचे घाटगे घराणे जहागीरदार राहिले. मात्र प्रधान, मंत्री, सचिव हे शब्द नष्टही झाले नाहीत. लोकशाहीत पंतप्रधान, मुख्यमंत्री, सचिव ही पदे निर्माण झाली आणि हे शब्द कामाला लागले. माधव ज्यूलियन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) सिद्ध करणारा, स्वतःच्या कवितेत फारसीचा मनमुराद वापर केलेला आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेला हा विद्वान 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) लिहिण्यापर्यंत आला. त्यांच्या मतांतराची चर्चा पुष्कळ झाली. परंतु शब्दाची कुळकथा हेच शब्दाविषयीचे ज्ञान, ही त्यांची धारणा कोशाच्या वेळी होती तीच शुद्धीच्या वेळीही राहिली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१९६० साली राज्याबरोबरच भाषा संचालनालय आले आणि पदनामकोशाची त्या काळी 'बदनामकोश' म्हणून संभावना झाली. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. संचालनालयाने घडवलेले पुष्कळ शब्द रुळले, आणि राज्यकारभार मराठीत चालला तो त्यांच्यामुळेच. माझा आक्षेप त्या शब्दांच्या संस्कृतपणावर नाही. आक्षेप असा की जे रुळले ते का रुळले आणि जे पडून राहिले ते का पडून राहिले, याचा अभ्यास कोणी केला नाही. 'भूखंड' हा शब्द घ्यावा. तो परिपत्रकातून आला हे खरे. परंतु तो जिवंत झाला 'भूखंडाचे श्रीखंड' या उपहासाने. ज्या दिवशी लोकांना त्यावर कोटी करता आली त्या दिवशी तो मराठी झाला. 'खासगीकरण' हा शब्द १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाबरोबर सर्वत्र पसरला. त्यातला 'खासगी' अरबी मुळाचा आणि 'करण' संस्कृत. परिभाषेच्या व्यासपीठावरच हा संकर झाला आणि कोणालाही विटाळ झाला नाही. तात्पर्य, आपले शुद्धतेचे नियम आपणच पाळत नाही; ते पाळावेत अशी अपेक्षा फक्त कामगाराकडून असते. (याच समित्यांची आणि विद्वानांची परंपरा एका भाषावैज्ञानिक संकल्पनेला रूपिम, रूपिका आणि पदिम अशी तीन नावे देते, आणि विद्यार्थ्याने कोणते लिहावे हे परीक्षक कोण आहे यावर ठरते. असो.)

आता शब्दांच्या शेजारधर्माकडे येऊ. एकाकी शब्दाचा अर्थ नसतो, त्याच्या शेजारच्या शब्दांनी त्याची हद्द ठरवलेली असते, हे सोस्यूरचे सूत्र आपल्या समीक्षेत १९८०नंतर इतक्या वेळा उद्धृत झाले की त्याचा मंत्र झाला. मंत्राचा उपयोग मात्र क्वचितच झाला. कोल्हापूरच्या मराठीत यंत्रांवर उत्पादन होते त्या जागेला चार नावे आहेत. 'गिरणी' म्हणजे दळणाची. 'मिल' म्हणजे कापडाची. शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली ती मिल, आणि म्हणून जवळजवळ विशेषनामच. 'कारखाना' म्हणजे, काही विशेषण न लावता, साखरेचा: कारखान्याला ऊस जातो, कारखान्याची निवडणूक लागते, कारखान्याचे सभासद असतात. आणि 'कंपनी' म्हणजे एमआयडीसीतली. मुंबईत गिरणी कापडाची असते, पुण्यात कारखाना कशाचाही असू शकतो. कोल्हापुरात ही वाटणी वेगळी आहे. तिच्यात जिल्ह्याचा सामाजिक इतिहास साठवलेला आहे. कारखान्यात माणसाचा शेअर असतो, कंपनीत माणसाचा पगार असतो. कारखाना 'आपला' असू शकतो, निदान तसे म्हणण्याची पद्धत आहे; कंपनीला 'आपली' म्हणतात ते विनोदाने. आणि 'कंपनी' हा शब्द कोल्हापूरला नवा थोडाच आहे? कंपनी सरकार येथल्या संस्थानाने पाहिले, नाटक कंपन्या येथे पोसल्या गेल्या, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथली, १९२९ची प्रभात फिल्म कंपनीही मुळात येथलीच. राज्यकर्ते, नट, चित्रपट आणि आता बेअरिंग व कापड, असा या एका शब्दाचा दोन शतकांचा संचार आहे. 'कंपनी: इंग्रजी शब्द' अशी नोंद करून या संचाराचा कोणता भाग आपण सांगितला?

उसनवारी दोनदा झाली की काय होते याचेही उदाहरण येथे मिळते. 'कंत्राट' हा जुना, पूर्ण पचलेला शब्द. त्याला कंत्राटी, कंत्राटदार अशी संतती आहे. 'कॉन्ट्रॅक्ट' हा त्याच कुळातला नंतर पुन्हा आलेला. दोन्ही आज नांदतात, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रस्ता, पूल, बंधारा बांधणारा तो कंत्राटदार. कंपनीला माणसे पुरवणारा तो कॉन्ट्रॅक्टर. क्षेत्र आणि शेत, कार्य आणि काज, गोत्र आणि गोत या तत्सम-तद्भव जोड्यांत जे अर्थविभाजन घडते, तेच येथे घडले आहे. 'कायम' आणि 'पर्मनंट' यांचेही तसेच. कायद्याच्या भाषांतरात 'कायम कामगार' असतो. बोलीत 'कायम' म्हणजे नेहमी. 'तो कायम कामावर असतो' या वाक्याचा नोकरीच्या स्वरूपाशी संबंध नाही. म्हणून जागा रिकामी झाली आणि तेथे 'पर्मनंट' बसला. मुलगा पर्मनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर, या एका प्रश्नावर लग्ने ठरतात वा मोडतात. त्या प्रश्नातले दोन्ही शब्द परभाषी आहेत म्हणून तो प्रश्न मराठी समाजाचा नव्हे, असे म्हणायचे काय?

'क्षेत्र आणि शेत' ही जोडी वर ओघात आली. तिच्यापाशी थांबले पाहिजे. शासकीय नावात 'औद्योगिक क्षेत्र' आहे. क्षेत्र या संस्कृत शब्दाचेच झिजून झालेले मराठी रूप शेत. जे शेत होते ते क्षेत्र झाले: तद्भव मोजून, नकाशावर आखून, गटांच्या हद्दी पुसून तत्सम करण्यात आले. या प्रक्रियेला शासनाच्या मराठीत 'भूसंपादन' म्हणतात. जमीन संपादित केली जाते. कर्ता शासन, कर्म जमीन, क्रिया सकर्मक, आणि वाक्य कर्मणी असल्यामुळे कर्ता दिसतही नाही. ज्यांची जमीन होती ते मात्र म्हणतात, 'आमचं रान एमआयडीसीत गेलं'. जसे पूर्वीचे लोक म्हणत की रान धरणात गेले, रस्त्यात गेले. 'जाणे' हे अकर्मक क्रियापद. येथे घेणारा कोणीच नाही, आणि 'गेले' हे माणूस मेल्यावरही म्हणतात. दोन क्रियापदे एकाच घटनेची दोन व्याकरणे मांडतात. पहिल्या वाक्यात कर्ता लपवलेला आहे, दुसऱ्यात तो नाकारलेला आहे. पहिले लपवणे सत्तेच्या सोयीचे आहे. दुसरे नाकारणे काय आहे? शोक आहे, दैववाद आहे, की तक्रार ऐकणारा कोणी नाही हे जाणून घेतलेला शहाणपणा आहे? शब्दविचार आणि समाजविचार यांची येथे फारकत करता येत नाही, आणि साहित्यविचाराचीही नाही. कारण नेमके हेच वाक्य एखाद्या कादंबरीत आले असते तर आपण त्यावर परिसंवाद घेतला असता.

घेतला असता काय, याचीही मला शंका आहे. आनंद यादव कागलचे. त्यांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी बोलीभाषेच्या सलग वापरासाठी गौरवली गेली, आणि तो गौरव यथार्थ आहे. परंतु त्या गौरवाचा तपशील पाहिला तर तो बहुतांशी बोलीतल्या शब्दांच्या संचयाचा आहे: किती अस्सल शब्द, किती दुर्मीळ शब्द, शेतीच्या अवजारांची आणि जनावरांची किती नावे. नारबा या सालगड्याचा जनावरे, पाखरे, झाडे यांचा गोतावळा ज्या वस्तूच्या येण्याने उद्ध्वस्त होतो ती वस्तू ट्रॅक्टर आहे, आणि तिचे नाव इंग्रजी कुळातले आहे. कादंबरीतील सर्वांत निर्णायक नाम 'अस्सल' शब्दांच्या यादीत बसत नाही, म्हणून भाषेच्या चर्चेतून ते सुटते. कादंबरीकाराने शब्दाला त्याच्या शेजारासह पाहिले. समीक्षेने त्याचे गोत्र पाहिले. 'गोतावळा' या नावातच उत्तर होते. गोत्र जन्माने ठरते. गोतावळ्यात बैल, कुत्रा आणि कोंबड्याही येतात, कारण ते एकत्र राहतात.

देशीवादाचीही हीच गत झाली. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची भूमिका मांडली तेव्हा तिचा रोख भाषिक वर्तनावर, समूहाच्या स्वतःच्या व्यवहारावर होता, असे मी समजतो. तिच्या अनुयायांनी तिचे रूपांतर शब्दसूचीत केले. मोट, नाडा, सौंदर हे देशी. लेथ, शिफ्ट, ओटी हे वसाहतीचे अवशेष. मोट गेली, नाडा गेला. मृत शब्द देशी आणि जिवंत शब्द परके, अशी ही देशीयता आहे. शिवाय 'वसाहतवाद', 'उत्तर-वसाहतवाद' यांवर शेकडो पाने लिहिताना या मंडळींपैकी कोणाच्याही कानाला 'औद्योगिक वसाहत' हा शब्द खटकला नाही, याचे मला नवल वाटते. ज्या समाजाने परकीय राज्यसत्तेच्या विस्ताराला आणि स्वतःच्या कारखान्यांच्या जागेला एकच नाव दिले आहे, त्या समाजाच्या समीक्षकांना त्या नावाविषयी काही म्हणावयाचे असू नये!

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. प्रत्येक इंग्रजी शब्दाला असे अभय दिले तर मराठी उरेल काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण भीती खरी आहे. फक्त तिचे स्थान चुकले आहे. ज्या भाषेत परक्या शब्दाला लिंग मिळते, सामान्यरूप मिळते, अनेकवचन मिळते, ती भाषा शब्दांनी मरत नाही. ती मरते ती ही रूपे देण्याचे थांबवल्यावर. म्हणून राखण करावयाची ती दाराशी नव्हे. 'टेबलावर'मधल्या त्या 'आ'काराची करावयाची. आणि ती राखण आज कोण करते? इंग्रजी माध्यमात शिकून 'टेबलवर', 'फॅक्टरीज', 'कंपनीजमध्ये' असे बोलणारा सुशिक्षित वर्ग करीत नाही. 'फॅक्टऱ्या' आणि 'कंपन्या' म्हणणारा, 'एसट्या' म्हणणारा वर्ग करतो. ज्याची भाषा आपण भ्रष्ट ठरवतो तोच मराठीचा रूपविचार चालू ठेवतो आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ साली लिहिला. बलुतेदारीच्या व्यवस्थेची शब्दसंपदा ती व्यवस्था चालू असताना, तिच्याविषयी कोणताही उमाळा न बाळगता त्यांनी नोंदवली. ते महसूल खात्यातले गृहस्थ होते, प्राध्यापक नव्हते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) धंद्यांच्या शब्दांना विद्वानांच्या शब्दांबरोबर जागा दिली. मुंबईच्या गिरण्यांतील साचा, खाडा, बदली, रात्रपाळी या शब्दांकडे मात्र आपले लक्ष गेले ते १९८२च्या संपानंतर, गिरण्या बंद पडू लागल्यावर. आपल्याला शब्द आवडतो तो त्याचे काम गेल्यानंतर. कागलच्या बाबतीत तरी इतके थांबू नये. ओतशाळेतील भट्टी, साचा, वाळू या जुन्या शब्दांशेजारी मोल्डिंग, कोअर, रिजेक्शन हे शब्द कोणत्या वाटणीने नांदतात. 'पाळी' आणि 'शिफ्ट' यांच्यात रात्रीपुरती 'पाळी' कशी टिकली. 'पीएफ' कापला जातो आणि 'ओटी' भरली जाते की केली जाते. घरोघरी बिडाचा तवा असताना पाठ्यपुस्तकाला 'ओतीव लोखंड' का लिहावे लागते. कानडी सीमेवरून येणाऱ्या कामगाराच्या तोंडी 'एमआयडीसी'चे लिंग कोणते असते. आणि 'रान गेलं' म्हणणाऱ्याचा मुलगा त्याच जमिनीला 'प्लॉट' म्हणतो तेव्हा तो कोणती विभक्ती कशी लावतो. एवढ्या प्रश्नांवर एक प्रबंध उभा राहील.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना आणि महामंडळाची स्थापना एकाच वर्षी, १९६२ साली झाली. विद्यापीठाच्या मराठीच्या वर्गात बसणाऱ्या काहींच्या घरचे कोणी ना कोणी पहाटेच्या पाळीला कागलच्या बाजूला जाते. या शब्दांची नोंद घेण्यासाठी त्या विद्यार्थ्यांना घराबाहेर पडावे लागणार नाही. फक्त त्या नोंदवहीला चार रकाने आखू नयेत.